हुंकार देणारं माणूस

सई, मल्हार,

तुरीची पोती पंधरा दिवसांपूर्वी घरात आली. मला ती दिसली नाहीत, वासावरून कळली. नव्या तुरीला एक कोरडा, नाकात खाजणारा वास असतो. माजलगावच्या आपल्या घरात तो पौषात शिरतो आणि होळीपर्यंत पडद्यांना चिकटून राहतो. त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला आणि सईने सहज विचारलं, "आजी, गंगाआजी हल्ली स्क्रीनवर येतच नाही. कुठे असते ती?" मी म्हणाले, "असते. बरी आहे." आणि तुमच्या मेलबर्नच्या उन्हाळ्याची चौकशी करू लागले. त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

जाड काळं पेन घेतलं आहे आणि ओळीखाली पट्टी सरकवते आहे. माझ्या नजरेच्या मधोमध डाग आहे, कडेने थोडं दिसतं. त्यामुळे लिहिताना शब्दाकडे न बघता शब्दाच्या शेजारी बघावं लागतं. ओळी सरळ आल्या असतील, अक्षराची खात्री देत नाही. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा तुमची आई हे वाचून दाखवील. म्हणजे तुम्हीही हे ऐकणारच आहात.

ऐकण्याला मी वाचन मानत नव्हते, हे तुम्हाला माहीत आहे. हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकलेली, लग्न होऊन आडत दुकानदारांच्या घरात आलेली मी. इथे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोत्यांचा हिशेब चाले आणि घरात सणांचा. मधल्या वेळात मी वाचायची. माझं कपाट तुम्ही पाहिलं आहे. इंग्रजी वर, मराठी खाली, उंचीप्रमाणे लावलेलं, आणि त्यात एकही हलकं पुस्तक नाही याचा मला अभिमान होता. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, आता जे गेलं ते परत येणार नाही, असं सांगताना डॉक्टर म्हणाले, "मावशी, आता डोळ्यांना विश्रांती द्या." मी काही विश्रांती मागायला गेले नव्हते. घरी भेटायला येणाऱ्यांनी तर जवळजवळ अभिनंदनच केलं. शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या, "बरं झालं, आता नामस्मरणाला वेळ मिळंल." म्हाताऱ्या बाईचं काहीही गेलं, की तिला देवासाठी वेळ मिळाला असं लोक समजतात.

मग मल्हारने फोनमध्ये पुस्तकं भरून दिली. किती वैतागला होतास रे तू त्या दिवशी. "आजी, खालचं बटण. खालचं. अगं, ते नाही." त्यानंतर ते पांढरे, करडईच्या दाण्याएवढे हलके कानातले पाठवलेस. मी ते घातले, एक परकी बाई माझ्या डोक्याच्या आत बोलू लागली आणि मी पहिल्याच पानाला ते काढून ठेवले. पान तरी कुठलं? तिथे पान नसतंच. बोट ठेवून थांबता येत नाही, आवडलेल्या वाक्यापाशी समासात रेघ मारता येत नाही. वाचणारा पुरुष असला तर गोष्टीतल्या बाया उगाच बारीक आवाजात बोलतात. कुठे हसायचं, कुठे गळा दाटायचा, हे सगळं त्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

तरी महिन्याभराने मी चटावले. जपानमधल्या एका म्हाताऱ्या शिंप्याची गोष्ट ऐकत मेथी निवडली. केरळच्या खाडीत नाव चालवणाऱ्या एका हट्टी माणसाबरोबर दुपारच्या दुपारी काढल्या. बंगालमधल्या जमीनदाराच्या घरातली भुतं ऐकली, आणि एक अगदी सुमार खुनाची गोष्ट ऐकली. खुनी कोण ते मला सुरुवातीलाच कळलं होतं, तरी शेवटपर्यंत सोडवेना. कपाटात मी असलं पुस्तक ठेवलं नसतं. पण ऐकताना मुखपृष्ठ दिसत नाही, त्यामुळे लाजही वाटेनाशी झाली. डोळे होते तेव्हा मी चांगली पुस्तकं वाचत होते. डोळे गेल्यावर मला गोष्टी आवडू लागल्या. एवढी एक मजा मला या आजाराने दिली, आणि ती मी कुणाला सांगितली असती तर गंगूलाच.

गंगू म्हणजे तुमची गंगाआजी, माझी धाकटी जाऊ. आमचे नवरे भाऊ-भाऊ, दोघेही आता नाहीत. त्यांचं दुकान एक, आमची चूल एक. तिला अक्षर येत नाही आणि त्याचं तिला कधी दुःख झालेलं मी पाहिलं नाही. तुरीच्या दिवसांत घरची वर्षाची डाळ घरीच करायची हा तिचा हट्ट. मोंढ्यात तयार डाळीच्या थप्प्या लागलेल्या असतानाही तूर भिजवायची, अंगणात वाळवायची, जात्यावर भरडायची आणि सुपाने पाखडून कळणा, म्हणजे डाळीचा चुरा, बाजूला काढायचा. माझे डोळे गेल्यापासून डाळ निवडण्याचं काम माझ्याकडून गेलं. मी नुसती तिच्याजवळ उन्हाला बसायची, कानात मल्हारचे दाणे घालून.

गेल्या वर्षी याच दिवसांत तिने मला कोपराने ढोसलं.

"अक्का, कानात काय घातलंय वो? बहिऱ्याचं मशीन हाय का?"

"गोष्ट ऐकते आहे."

"एकट्याच? आन् मी काय हितं डाळीला गोष्ट सांगत बसू? काढा ते. मला बी ऐकू द्या."

मी कानातले काढले, फोन मोठ्याने लावला आणि आमच्या मधे पाटावर ठेवला. त्या वेळी माझी एक नवी कादंबरी सुरू होत होती. आफ्रिकेतल्या एका नदीकाठच्या गावात बाजारात कापड विकणारी बाई. तिची मुलगी तिच्यावर रागावून नदीपलीकडच्या शहरात निघून गेलेली. वाचणारीचा आवाज चांगला होता, मातीच्या भांड्यासारखा जाड. तिने पहिलं वाक्य वाचलं आणि गंगू म्हणाली, "हूं."

तुम्हाला हे माहीत नसेल. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो. सांगणारा एक वाक्य सांगतो, ऐकणाऱ्यांतलं एक माणूस "हूं" म्हणतं, मग पुढचं वाक्य. हुंकार आला नाही तर सांगणारा थांबतो, कारण ऐकणारं झोपलं किंवा रुसलं असं धरायचं असतं. आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, गोष्टी फार सुंदर सांगायच्या आणि हुंकाराचा मान गंगूचा होता. मला एकदा द्यायला बसवलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "ही परीक्षेत बरोबर-चूक केल्यावानी हूं करती. गंगे, तू ये." शिकलेल्या सुनेला त्या घरात न जमलेल्या गोष्टींपैकी ती एक.

तर गंगू "हूं" म्हणाली आणि फोनमधली बाई न थांबता पुढे गेली. गंगूने दोन-तीनदा तिला गाठायचा प्रयत्न केला. मग सूप खाली ठेवलं.

"ही बाई दम कावून घेत न्हाई? मी हूं म्हनायच्या आदीच म्होरं पळती."

"तिला तुझा हूं ऐकू जात नाही, गंगू. तिने हे कधीच वाचून ठेवलंय."

"मग सांगती कुनाला?"

मी फोन हातात घेतला आणि परिच्छेद संपला असं वाटलं, की बोटाने थांबवू लागले. गंगू हूं म्हणायची, मी बोट दाबायची, बाई पुढे बोलायची. या पद्धतीने एका प्रकरणाला दुपार पुरत नसे. पण मी आयुष्यात एवढं सावकाश आणि एवढं चांगलं काही वाचलेलं नाही.

गंगूचे हुंकार सगळे सारखे नसत. पटलं तर आखूड, न पटलं तर नाकातून, रडू येत असलं तर लांब आणि वर चढत जाणारा. कापडवालीच्या सासूचं वर्णन आलं तेव्हा ती हुंकार द्यायचा विसरून हसत सुटली. "आपल्या आत्याबाईवानीच हाय की वो! तिकडं बी असत्यात म्हना ह्या." सुमनबाई एकदा डाळ बघायला आल्या, उभ्या-उभ्या थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "ही कुठली परक्या बायांची लफडी? या वयात प्रवचन लावावं, पुण्य तरी लागंल." गंगूने सुपावरून मान वर न करता सांगितलं, "पुन्य लई झालं, सुमनबाई. सरका, ऊन अडवू नका."

ही झाली आमची दुपार. त्याच अंगणात दुसरंही काही चाललं होतं.

त्याआधीच्या दिवाळीत दुकानातल्या लक्ष्मीपूजनाला तराजूची पूजा कुणी करायची यावरून माझा महादेव, तुमचे काका, आणि गंगूचा बसवराज यांचं बिनसलं. मोठा म्हणून पूजा दरवर्षी महादेव करत असे. बसवराजचं म्हणणं, वर्षभर तराजूपाशी उभा मी राहतो आणि हळदकुंकू वाहायला दादा येतो. त्या दिवशी महादेवला यायला उशीर झाला आणि बसवराजने पूजा उरकून घेतली. महादेवने येऊन तराजू पुसला आणि पुन्हा पूजा केली. तो पुसण्याचा फडका दोघांनाही अजून विसरता येत नाही. दोन शिकलेले, नातवंडं झालेले पुरुष. गोष्टीत असं काही असतं, तर मी म्हटलं असतं, लेखकाला कारण नीट सुचलेलं नाही.

पौषात दुकान वेगळं झालं आणि घर वेगळं करायचं ठरलं. आम्हाला कुणी विचारलं नाही. एका दुपारी दोघं टेप घेऊन अंगण मोजायला आले, बरोबर गवंडी. कापडवाली तेव्हा होडीत बसली होती, मुलीच्या शहराकडे निघाली होती. मागे महादेव आकडे बोलत होता आणि बसवराज "पुन्हा मोजा" म्हणत होता. गवंडी आमच्यापर्यंत आला आणि म्हणाला, "काकू, जरा पाय उचला." गंगूने सूप मांडीवर घेतलं, दोन्ही पाय वर केले, टेप खालून सरकत गेला. मी बोट दाबायचं विसरले होते, बाई बोलत राहिली होती. तिचं वाक्य संपलं तेव्हा गंगू तशीच पाय वर धरून "हूं" म्हणाली.

त्या दिवशी आम्ही जिथे थांबलो तिथे कापडवाली शहरात पोचली होती. पत्ता विचारत मुलीच्या दाराशी आली होती आणि तिने कडी वाजवली होती.

"उघडती का वो पोरगी?" गंगूने विचारलं.

"उद्या."

उद्या भिंतीचा पाया खणायला माणसं आली. अंगणात बसायला जागा उरली नाही. भिंत चढत गेली, पुरुषभर उंचीच्या वर गेली. सिमेंटच्या राखाडी विटा, वर गिलावा नाही. मला त्या कडेच्या नजरेला नेमक्या दिसतात. त्याच आठवड्यात बसवराजने आईला शपथ घातली की त्या घरातल्या कुणाशी एक शब्द बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. हे मला पलीकडे भांडी घासणाऱ्या बाईने सांगितलं. महादेवने मला शपथ घातली नाही. तो म्हणाला, "आई शिकलेली आहे, तिला सांगायची गरज नाही." दोन्हींतलं अधिक अपमानाचं कोणतं, हे मी वर्षभर ठरवते आहे.

मी एकदा भिंतीपाशी जाऊन हाक मारली. "गंगू." पलीकडे नळाचं पाणी बादलीत पडत होतं. ते थांबलं. "गंगू, मी आहे." नळ पुन्हा सुरू झाला. मी खोलीत परत आले आणि खूप दिवस तिच्यावर चिडून होते. अर्धं आयुष्य एका चुलीपाशी काढलेली बाई मुलाच्या एका शब्दावर दगड होते, याला मी भाबडेपणा म्हणायचे, अडाणीपणा म्हणायचे. ती शपथ ही तिच्यासाठी खरीखुरी गोष्ट आहे, मुलाच्या गळ्याभोवती बांधलेली आहे, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून राग कमी होत नव्हता.

उन्हाळ्यात दिंद्रुडला नात्यात लग्न होतं. मला कुणीतरी हात धरून पंगतीत बसवलं. समोरच्या ताटाच्या मधोमध माझा डाग, मी कडेकडेने जेवले. डाव्या बाजूला कुणीतरी बाई होती, मी तिला पाहुणी समजले. "कुठल्या आपण?" असं विचारलंही. ती काही बोलली नाही. मला वाटलं, गोंगाटात ऐकू गेलं नसेल. ताटं उचलायच्या वेळेला ती खोकली आणि त्या खोकल्यावरून मला कळलं. संपूर्ण पंगतभर गंगू माझ्या शेजारी जेवली होती. तिला मी दिसत होते.

त्या वर्षात मी भरपूर ऐकलं. मल्हारचे दाणे पुन्हा कानात घातले. ती एकट्याने ऐकायचीच वस्तू आहे आणि मी आता एकटी आहे. तुमच्याकडे बसमध्ये सगळे आपापल्या कानात बुडालेले असतात, असं सईने सांगितलं होतं. ते मला तेव्हा वाईट वाटलं होतं, आता सोयीचं वाटतं. बर्फातल्या, वाळवंटातल्या, बंदरावरच्या गोष्टी ऐकल्या. तीन पिढ्यांची एक कादंबरी दोन दिवसांत संपवली. कुणी थांबवत नसलं की गोष्टी फार लवकर संपतात, आणि फार थोड्या आठवतात. कापडवालीची गोष्ट मात्र तशीच ठेवली. फोन खुणेची जागा धरून बसला होता. बोट एकदा दाबलं असतं, तर दार उघडतं का ते कळलं असतं. पण मधे ऐकणारं माणूस उठून गेलं आहे आणि सांगणारा एकटाच पुढे बोलतो आहे, हे माझ्याच्याने झालं नाही.

आता पुन्हा पौष. आपली तूर आली, त्यांचीही आली असणार. महादेवने यंदा तयार डाळ आणायचं ठरवलं आहे, ही पोती दुकानाचीच, जागा नाही म्हणून घरात. पण तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दुपारी भिंतीपलीकडून सुपाचा आवाज आला. फट्, फट्, आणि मग कळणा बाजूला झटकण्याचा तो लांबट सुस्कारा. त्या घरात एवढ्या सुना आहेत, पण हा हात मी ओळखते.

मी फोन घेतला. पाण्याची जुनी पितळी घागर रिकामी करून पुसली, भिंतीला टेकवून स्टुलावर ठेवली आणि फोन आत सोडला. घागरीत आवाज गुंजतो आणि दूर जातो. आत हात घालून खुणेच्या आधीचा परिच्छेद लावला. कापडवालीने मुलीच्या दाराची कडी वाजवली. मी बोट दाबून थांबवलं.

पलीकडे सूप चालू होतं.

मी पुन्हा तोच परिच्छेद लावला. तेवढ्यात महादेव बाहेर आला. "आई, हे काय? आवाज गल्लीपर्यंत जातोय."

"जाऊ दे."

"पलीकडे ऐकू जातंय म्हणतो मी."

"महादेव," मी म्हटलं, "अंगण तुम्ही मोजून वाटून घेतलंत. आवाज कसा वाटायचा ते ठरवा, मग मला सांगायला या."

तो आत निघून गेला. घागरीत पुन्हा कडी वाजली. मी थांबवलं. आता मी पुढे जाणार नव्हते. हुंकार आला नाही तर गोष्ट तिथेच राहणार, हे ज्या घरात मी शिकले त्याच घरात ती शिकली आहे. ऊन भिंतीवरून थोडं सरकलं. सूप थांबलं. नळ सुरू झाला नाही.

"हूं."

आखूड नव्हता, नाकातून नव्हता. नुसता होता. शपथ शब्दाची होती आणि हा शब्द नव्हे, हा हिशेब तिने त्या क्षणी केला की वर्षभर करत होती, मला माहीत नाही. विचारता येत नाही.

मी बोट दाबलं. मुलगी दारापर्यंत आली, आईचा आवाज ओळखला, आणि तिने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, परत जा. आई उंबऱ्यावर बसून राहिली, बरोबर आणलेलं कापड घडी करून पायरीवर ठेवलं आणि शेवटच्या होडीने परत गेली. एवढंच. लेखिकेने पुढे काही सांत्वन केलेलं नाही. मी थांबवलं तेव्हा गंगूचा हुंकार यायला फार वेळ लागला. तो लांब होता आणि वर चढत गेला. मग सूप त्या दिवशी पुन्हा वाजलं नाही.

मला हे गोड वाटत नाही, मुलांनो, आणि तुम्हीही गोड करून घेऊ नका. आमची भांडणं, तिच्या टोमण्यांवर माझं हसणं, "अक्का, मीठ बघा" म्हणून तळहातावर येणारी आमटी, एकमेकींच्या दुखण्यातल्या रात्री, हे सगळं दोन पुरुषांनी एका फडक्याने पुसलं. ते माझ्या हयातीत परत येणार नाही. ती आजारी पडली तर मला भांडी घासणाऱ्या बाईकडून कळेल. मी गेले तर ती रडायला येईल की नाही, हे बसवराज ठरवील.

सई, तू विचारलंस गंगाआजी कुठे असते. ती भिंतीपलीकडे असते. कापडवालीची गोष्ट संपली, आता मी खाडीतल्या नावाड्याची लावली आहे, मी एकदा ऐकलेली, तिने न ऐकलेली. दुपारी उन्हं अंगणात आली की मी फोन घागरीत ठेवते. परिच्छेद संपला की थांबवते. पलीकडून हूं येतो, मग मी पुढे जाते.